तोंडाचा जोर

पावसाळा संपून डोंगरावर पहिले पर्यटक यायला लागले की घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या गावात आम्ही घोडे तपासायचं शिबिर घेतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एक घोडेवाले मामा आपली कुमाईत घोडी घेऊन रांगेत उभे होते. खूर पाहिले, नाल पाहिले, खोगिराखालची पाठ चाचपली, सगळं ठीक होतं. आणखी काही तक्रार आहे का, असं विचारलं तर म्हणाले, “तक्रार न्हाय, पर लय मुजोर झालीया बघा. मान झटकती. थांब म्हटलं की उलटी फुडं रेटती. आता काट्याचा लगाम आणावा म्हंतो.”

मी त्यांना लगाम काढायला सांगितला आणि घोडीचं तोंड उघडून बॅटरी धरली. खालच्या जबड्याच्या दोन्ही कडांवर, जिथे दातच नसतात त्या मोकळ्या हिरडीवर, नखाएवढे निळसर डाग होते. डाव्या बाजूचा डाग फुटून आत जखम झाली होती. ओठांच्या कोपऱ्यांतली कातडी टाचेसारखी कडक झाली होती. मग हातातलं लोखंड मोजलं. साडेपाच इंच. घोडीचं तोंड ओठापासून ओठापर्यंत जेमतेम साडेचार इंच. मधे सांधा असलेलं ते लोखंड तिच्या तोंडात लोंबत होतं, एका बाजूची दोरी ओढली की सगळंच्या सगळं त्या बाजूला सरकत होतं आणि सांधा जिभेच्या मधोमध राहायचा सोडून जबड्याच्या कडेवर येऊन बसत होता. लगाम आधीच्या घोड्याचा होता. तो घोडा थोराड होता. तो गेल्यावर लगाम खुंटीवर राहिला आणि नव्या घोडीच्या तोंडात गेला.

मामा खोटं बोलत नव्हते. घोडी खरोखरच पुढे रेटत होती. दुखण्यापासून पळणं हे घोड्याच्या हाडामासात आहे. माळावर वाघ-लांडग्यांपासून पळून जगलेल्या जनावराला दुखलं तर थांबायचं ठाऊक नाही, पळायचंच ठाऊक आहे. आणि इथे दुखणं तोंडातच बसलेलं. पुढे जावं तरी ते बरोबर, थांबावं तरी बरोबर. मामांना काट्याचा लगाम मिळाला असता तर घोडी आणखी पळाली असती, आणि मग त्याहून कडक काहीतरी शोधावं लागलं असतं. अशी साखळी कुठे संपते ते मी पाहिलेलं आहे. हे पुस्तक मी ती साखळी पहिल्याच कडीपाशी तुटावी म्हणून लिहिलं.

‘मुजोर’ हा शब्द आपण माणसांना सर्रास लावतो. मुळात तो ‘मुँहजोर’, म्हणजे तोंडाचा जोर लावणारा, लगामाला न जुमानणारा. शब्दानेच दोष कुणाचा ते ठरवून टाकलं आहे, जोर लावतो तो घोडा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक हात असतो आणि मधे एक लोखंड असतं, याचा त्या शब्दात पत्ताच नाही. माझ्या तीस वर्षांच्या कामात ‘मुजोर’ म्हणून समोर आलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांच्या तोंडात मला काहीतरी सापडलं. जखम, टोकदार झालेली दाढ, न काढलेला बारका दात, मापात न बसणारं लोखंड. ज्यांच्या तोंडात काहीच सापडलं नाही, त्यांच्या स्वाराच्या हातात सापडलं.

शब्दांचंच निघालं आहे तर एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. आपल्याकडे लगाम म्हटलं की डोक्यावरच्या पट्ट्या, हातातली दोरी आणि तोंडातलं लोखंड असं सगळं त्यात येतं. रायडिंग क्लबात तोंडातल्या भागाला ‘बिट’ म्हणतात. या पुस्तकात मीही बिट म्हटलं आहे, कारण नेमका तोच भाग वेगळा काढून दाखवायचा आहे. संस्कृतात त्यासाठी स्वतंत्र शब्द होता, ‘खलीन’. तो अमरकोशात आहे, आणि ग्रीक भाषेत बिटला ‘खलिनोस’ म्हणतात त्यावरून तो इकडे आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. लगाम आपण फारसीतून घेतला. या वस्तूने इतका प्रवास केला, पण ज्या तोंडात ती बसते ते तोंड आपण फारसं उघडून पाहिलं नाही.

म्हणून आधी तोंड.

नर घोड्याला साधारण ४० दात असतात, घोडीला बहुधा ३६, कारण तिला सुळे क्वचितच येतात. पुढे गवत तोडायचे दात, मागे गवत दळायच्या दाढा, आणि या दोहोंच्या मधे दोन्ही बाजूंना एक मोकळी जागा. बिट बसतं ते याच जागेत. देवाने लगामासाठीच ही जागा ठेवली असं जुने लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. बोट घालून पाहा. वरच्या ओलसर पातळ त्वचेखाली लगेच हाड लागतं, आणि ते हाड सपाट नाही, सुरीच्या पाठीसारखं धारेचं आहे. आपल्या नडगीवर काठी लागली तर काय होतं ते आठवा. मधे मांस नाही, चरबी नाही. नडगीला निदान जाड कातडी तरी असते.

या दोन धारांच्या मधे जीभ. आपल्याला वाटतं की घोड्याचं तोंड म्हणजे मोठी पोकळी आहे आणि त्यात एक लोखंडी दांडी सहज मावेल. घोड्याचं तोंड मिटलेलं असताना आत पोकळी जवळपास नसतेच. जीभ खालचा जबडा भरून वर टाळूला टेकलेली असते. अमेरिकेतल्या हिलरी क्लेटन या पशुवैद्य संशोधक बाईंनी क्ष-किरणांच्या मदतीने घोड्याच्या तोंडातलं बिट हलताना दाखवलं, तेव्हा दिसलं ते हेच. दांडी पोकळीत लटकत नाही, ती जिभेत रुतून बसते. म्हणजे आपण बिट निवडतो तेव्हा खरं तर जिभेवर काय ठेवायचं ते निवडत असतो. आणि म्हणूनच ‘जाड बिट म्हणजे मऊ बिट’ हा आपल्याकडचा सर्वांत पक्का समज अर्धवट खरा आहे. जाड दांडीमुळे दाब जास्त जागेवर पसरतो हे बरोबर. पण बारीक तोंडाच्या, मांसल जिभेच्या देशी घोड्याच्या तोंडात अठरा मिलिमीटरची दांडी घातली, तर त्याला तोंड मिटताच येत नाही. मग तो तोंड उघडतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो आणि नाकपट्टी आवळतो.

या नाकपट्टीबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगते की नाकाच्या हाडावर दोन बोटं आडवी सरकतील इतकी ती सैल हवी हा जुनाच नियम आहे, आणि तो इतका पायदळी तुडवला गेला की आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०२५ पासून बोटांऐवजी मोजपट्टीसारखं साधन वापरून ती तपासायची वेळ आली. आवळलेली पट्टी दुखणं बरं करत नाही, ते दिसू देत नाही. एवढाच तिचा गुण.

जिभेबद्दल आणखी थोडं, कारण शिकवताना लोक इथे सर्वांत जास्त चकित होतात. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचा नाजूक हाडांचा सांगाडा असतो. त्याला धरून काही स्नायू मानेखालून थेट छातीच्या हाडापर्यंत जातात, काही खांद्याकडे. जीभ दाबली गेली आणि घोड्याने ती मागे ओढून धरली की हे स्नायू ताठतात, मान ताठते, पाठ खाली जाते, पुढच्या पायांचं पाऊल आखूड पडतं. घोडेवाला म्हणतो, हा मोकळा चालत नाही, खांद्यात काहीतरी आहे. आम्ही खांदा तपासतो. कित्येकदा दोष तोंडात असतो.

दाढांचंही तसंच. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीतून वर येत राहतात आणि गवत दळता दळता झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड न झिजता टोकदार राहते. डोक्यावरच्या पट्ट्या आणि बिटाच्या कड्या गालाला आत दाबतात, तेव्हा गाल त्या टोकांवर घासतो. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक छोटासा दात येतो, इंग्रजीत त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा असतो, पण बिट त्याला लागत राहिलं तर घोडा त्या बाजूला वळायचंच नाकारतो. वर्षातून एकदा दाढांना कानस मारून घेणं आणि हा दात आहे का ते पाहणं, हे बिट निवडण्याच्या आधीचं काम आहे. दुकानात नवं बिट शोधायला गेलेल्या निम्म्या लोकांना मी आधी दात तपासायला परत पाठवेन.

जखमा किती असतात? फिनलंडमध्ये शर्यतीच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांची तोंडं शर्यत संपल्याबरोबर तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २६१ घोडे होते आणि त्यांतल्या ८४ टक्क्यांच्या तोंडात, बिट टेकतं त्या भागात, ताज्या जखमा सापडल्या. मला आकड्यापेक्षाही दुसरी गोष्ट लागली. ओठाबाहेर रक्त दिसलं ते अगदी थोड्या घोड्यांच्या. म्हणजे जे घोडे बाहेरून ठीक दिसत होते, ज्यांचे मालक प्रेमाने त्यांच्या मानेवर थाप मारत होते, त्यांच्याही तोंडात जखमा होत्या. हे सधन देशातले, पशुवैद्यांच्या देखरेखीखालचे घोडे. आपल्या वरातीतल्या घोड्यांची, यात्रेतल्या घोड्यांची अशी मोजणी मी कुठे वाचलेली नाही. पण तोंडं मी पाहिली आहेत.

ही वस्तू आपल्या मातीला नवी नाही. नागपूरजवळ माहुरझरीला १९७० ते ७२ या काळात शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या शिळावर्तुळांच्या दफनांमध्ये घोड्यांची हाडं निघाली, त्यांच्या चेहऱ्यावर घालायचे तांब्याचे दागिने निघाले आणि लोखंडी बिटंही निघाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली माणसं ती. मेलेल्या माणसासोबत त्याचा घोडा आणि घोड्यासोबत त्याचा साज मातीत ठेवणारी. ते गंजलेलं लोखंड पाहताना मला वाटतं, विदर्भातल्या त्या लोहाराने हे घडवायच्या आधी घोड्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं असेल. त्याला एकाच घोड्यासाठी एकच बिट करायचं होतं. आपण कारखान्यात तीन मापं काढतो आणि घोड्यांनी त्यांत बसावं अशी अपेक्षा करतो.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो स्वाराकडे दोन बिटं असावीत असं सांगतो, एक गुळगुळीत आणि एक खरबरीत, टोकं असलेलं. खरबरीत बिटाची ओळख झाली की घोडा गुळगुळीत आनंदाने घेतो असा त्याचा हिशोब होता. हा हिशोब मला मान्य नाही. पण त्याच पुस्तकात त्याने दोन गोष्टी अशा सांगितल्या आहेत की आजही त्यांत बदल करायला नको. बिट कुठलंही असो, ते ताठ नसावं, सांध्यांत हलणारं असावं, म्हणजे घोडा ते एका जागी घट्ट पकडून ठेवू शकत नाही. आणि घोड्याने ऐकलं की त्याच क्षणी हात सैल सोडावा. दुसरी गोष्ट मी या पुस्तकात निदान दहा ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत लिहिली आहे.

कारण बिट दाबाने शिकवत नाही. दाब सुटतो त्या क्षणाला घोडा शिकतो. डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग झाला. कधीच लगाम न घातलेल्या तरुण घोड्यांना खाण्यासाठी तोंड पुढे न्यायचं होतं आणि पुढे नेताना दोरी ताणली जात होती. पहिल्या दिवशी त्यांनी साधारण एका किलोच्या ओढीइतका ताण घेतला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी तेवढाही घेतला नाही, खाणं समोर असूनही. एक किलो म्हणजे साखरेची एक पिशवी. आपला हात नवशिक्या घोड्याच्या तोंडावर किती ओढ देतो ते पाहायचं असेल तर दोरीच्या मधे भाजीवाल्याचा ताणकाटा अडकवा आणि कुणालातरी वाचायला सांगा. मी हे रायडिंग क्लबात करून घेते. काट्यावरचा आकडा ऐकून शिकवणारेही गप्प होतात.

आता बिटांचे प्रकार. पुस्तकाचा मोठा भाग त्यांचाच आहे, चित्रांसकट, त्यामुळे इथे जास्त खोलात जात नाही. मुळात कुळं दोन. एकात दोरी थेट तोंडातल्या दांडीच्या कडीला बांधलेली असते. स्वाराने जितकं ओढलं तितकंच तोंडात पोचतं. हे स्नॅफल. त्याची दांडी सरळ असेल, मधे एक सांधा असेल किंवा दोन सांधे असून मधे बदामाएवढा गोल तुकडा असेल. कड्या सैल फिरणाऱ्या असतील, घट्ट असतील, शर्यतीच्या घोड्यांना असतात तशा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या असतील. सैल कडी बारीक कंप लगेच पोचवते, पण तिच्या भोकाची कड झिजली की ओठाचा कोपरा त्यात चिमटतो. दर महिन्याला त्या भोकाभोवती बोट फिरवा.

दुसरं कुळ तरफेचं. यात दांडीच्या खाली लांब दांडे असतात, दोरी त्यांच्या टोकाला बांधतात आणि हनुवटीखालून एक साखळी जाते. याला कर्ब म्हणतात. इथे मला थोडं गणित करायचं आहे, कारण हे गणित न केल्यामुळे अतोनात त्रास होतो. समजा दांड्याचा दांडीच्या वरचा भाग चार सेंटिमीटर आहे आणि खालचा बारा. तुम्ही दोरीला एक किलोची ओढ दिली, तर हनुवटीखालच्या साखळीवर तीन किलो येतात. आणि दांडी या दोन्हींच्या मधे अडकलेली असल्यामुळे जिभेवर आणि त्या धारेच्या हाडावर येतात चार किलो. तुमच्या हाताला मात्र एकच किलो जाणवतो. म्हणून कर्ब वापरणाऱ्याला आपण हलक्या हाताचे आहोत असं वाटत राहतं. मुरलेल्या स्वाराच्या हातात, मुरलेल्या घोड्याच्या तोंडात कर्ब हे कुजबुजण्याइतकं हळू काम करू शकतं, हेही मी पाहिलं आहे. पण पहिल्यांदा घोड्यावर बसलेला पर्यटक दोरी धरून तोल सावरतो, त्याच्या हातात तरफ देऊ नये. पर्यटकांच्या घोड्यांना कर्ब नको, या एका मुद्द्यावर मी कुणाशीही तडजोड केलेली नाही.

आणि काट्याचा लगाम. आतल्या बाजूला खिळे किंवा दाते असलेलं ते लोखंड यात्रेत दोरखंड, घुंगरं, गोंड्यांच्या शेजारी उघडपणे विकायला ठेवलेलं मी पाहिलं आहे. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांतल्या आठव्या नियमानुसार काटे, गाठी किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे. सहा दशकं झाली. वरातीत बँडच्या तालावर नाचणाऱ्या घोडीच्या तोंडातून फेस गळताना पाहून लोक टाळ्या वाजवतात. त्या फेसात गुलाबी छटा असते का ते जवळ जाऊन पाहणारे थोडे. मी त्या घोडेवाल्यांना दुष्ट मानत नाही. त्यांच्यासमोर फटाके असतात, गर्दी असते, पाठीवर घाबरलेला नवरदेव असतो, आणि घोडी उधळली तर उद्या पोट कशावर भरायचं हा प्रश्न असतो. त्यांना कुणीतरी सांगितलं आहे की काटा हीच खात्री आहे. मला त्यांना उलट सांगायचं आहे की काटाच घोडीला उधळायला लावतो, आणि तसं सांगताना त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायचं आहे. आवाजाची सवय कशी करायची, मान खाली आणायला कसं शिकवायचं, दोन सांध्यांचं साधं स्नॅफल कसं बसवायचं. या पुस्तकातलं सातवं प्रकरण पूर्णपणे वरातीच्या घोड्यांवर आहे. ते वेगळी पुस्तिका म्हणूनही छापलं आहे, खिशात मावेल एवढं.

दुसऱ्या टोकाची एक गोष्ट. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे रायडिंग क्लबांत येतात. अंगाने देखणे, वयाने पाच-सहा वर्षांचे. आल्या आल्या त्यांच्यावर शिक्का बसतो की याला ब्रेक नाही. अशाच एका घोड्यासाठी मला बोलावलं होतं. त्याच्या तोंडात सहा आठवड्यांत चार बिटं बदलली होती, प्रत्येक आधीच्याहून कडक. तोंडात जखम नव्हती, दाढा ठीक होत्या. मी त्याच्या सईसाला विचारलं, रेसकोर्सवर हा कसा पळायचा? तो म्हणाला, लगामावर रेलून, जॉकीने दोरी घट्ट धरली की त्याच्यावर भार टाकून. तेव्हा उलगडा झाला. शर्यतीच्या घोड्याला दोरीचा ताण म्हणजे थांबायची खूण नाहीच. तो त्याला आधार म्हणून शिकवलेला असतो. क्लबातली मुलं घाबरून दोरी ओढत होती आणि घोडा आज्ञाधारकपणे पळत होता. त्याला आम्ही पुन्हा अगदी साधं स्नॅफल घातलं, जमिनीवरून दोन महिने शिकवलं, थांब म्हणजे थांब हे आवाजाने आणि बसण्याने समजावलं. बिटाने त्यात फारसं काही केलं नाही. त्याने फक्त मधे येणं बंद केलं.

माप या विषयावर पुस्तकात तक्ते आहेत, पण तक्त्यापेक्षा तोंड मोठं. साधारणपणे थरोब्रेडला पाच ते सव्वापाच इंच लागतं आणि डोंगरावरच्या तट्टांना चार-सव्वाचार ते पावणेपाच. आपला भीमथडी घोडा, ज्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं आहे, तो आडमाप नाही, त्याचं तोंड बारीक आहे. बाजारात मात्र पाच आणि साडेपाचच जास्त दिसतात. म्हणून देशी घोड्यांच्या तोंडात बिटं लोंबतात. लांब बिट घट्ट करायला लोक गालपट्ट्या वर ओढतात, मग ओठाच्या कोपऱ्यात तीन-तीन घड्या पडतात. ओठाला एक हलकी घडी पडावी असा सर्रास सांगितला जाणारा नियम मी सांगते खरी, पण मांसल ओठांच्या घोड्यात तो फसवतो. तोंडात पाहून ठरवा. बिट पुढच्या सुळ्याला लागत नाही ना, मागच्या दाढेवर आपटत नाही ना, जिभेवर सपाट बसलं आहे ना.

बिटच नको, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी या पुस्तकात आदराने मांडलं आहे. रॉबर्ट कुक या पशुवैद्य प्राध्यापकांनी संग्रहालयांतल्या घोड्यांच्या कवट्या तपासून दाखवलं की बिट जिथे टेकतं त्या हाडावर अनेकदा काट्यासारखी वाढ झालेली असते, म्हणजे जिवंतपणी तिथे वर्षानुवर्षं मार बसत होता. बिनाबिटाच्या लगामाचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. माझ्या ओळखीच्या काही घोड्यांना, विशेषतः ज्यांची जीभ किंवा जबडा जुन्या जखमेने वाकडा झाला आहे त्यांना, बिनाबिटाचा लगाम हाच उपाय आहे. पण तिथेही डोळे मिटून चालत नाही. लांब दांड्यांचं हॅकमोर, म्हणजे बिनाबिटाच्या लगामाचाच एक प्रकार, नाकाच्या हाडावर आणि हनुवटीवर तीच तरफ चालवतं, आणि नाकाच्या हाडाचं खालचं टोक फार पातळ असतं. ते चुकून खाली बसवलं तर घोड्याचा श्वासही अडतो, आणि घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. लोखंड काढलं म्हणजे हात बदलला असं होत नाही.

त्या कुमाईत घोडीचं पुढे काय झालं ते लोक विचारतात. तिला तीन आठवडे लगाम घातला नाही. मामांनी ते ऐकलं याचं मला आजही अप्रूप वाटतं, कारण ते हंगामाचे दिवस होते आणि तीन आठवड्यांची कमाई बुडाली. वरची डावी दाढ घासली. जखम भरल्यावर तिच्या मापाचं, चौदा मिलिमीटर जाडीचं, दोन सांध्यांचं बिट मी माझ्याकडचंच दिलं. पहिले काही दिवस ती सवयीने मान झटकत राहिली. मामा सांगत होते की ते रोज संध्याकाळी तिच्या तोंडात बिट घालून नुसतं उभं करायचे, दोरीला हात न लावता, आणि गूळ चारायचे. डिसेंबरात मी पुन्हा गेले तेव्हा तिच्यावर एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती आणि मामा पुढे चालत होते, दोरी घोडीच्या मानेवर सैल टाकून.

पुस्तक पुढे वाचण्याआधी एक काम करा. हातभर सुतळी घ्या, मधे एक गाठ मारा. उजेड चांगला असताना घोड्याच्या तोंडात ती आडवी धरा, गाठ जिभेच्या मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना जिथे ओठ संपतो तिथे चिमटीत पकडा आणि बाहेर काढून पट्टीवर मोजा. गाठीपासून दोन्ही बाजू सारख्या आल्या नाहीत तर पुन्हा मोजा. सैल कडीचं बिट असेल तर त्यात दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक सेंटिमीटर वाढवा, घट्ट कडीचं असेल तर त्याच्या निम्मं पुरे. आलेला आकडा या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, घोड्याचं नाव आणि तारीख घालून. मग सध्याचं बिट काढा, स्वच्छ धुवा आणि तेही मोजा.